एका शब्दाचें ऋण

शब्दांची व्युत्पत्ति शोधण्याचा छंद आम्हांस बाळपणापासून आहे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि पुढें पाठशाळेंत शास्त्रीबुवांच्या पायांशीं बसून झालेलें. त्यामुळें कोणताहि नवा शब्द कानीं पडला कीं त्याचा धातु कोणता आणि प्रत्यय कोणता, हें पाहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. हा छंद निरुपद्रवी आहे अशी आमची समजूत होती. परंतु एका शब्दानें ती पार खोटी पाडली, आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ थकलेलें एक ऋण आमच्या नांवावर आहे हें दाखवून दिलें. तो शब्द म्हणजे 'टर्बोप्रॉप'. वाचकांनीं दचकूं नये. हा लेख यंत्रविद्येवर नाहीं. पण यंत्रांत थोडेंसें शिरल्यावांचून आमचा अपराध ध्यानांत यावयाचा नाहीं, म्हणून तेवढा धीर धरावा, अशी विनंति आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां कोल्हापुराहून हैदराबादेस कन्येकडे निघालों. सोबतीस आमच्या वडील बंधूंचा नातू होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विमानाकडे चालतांना आमच्या कुटुंबाचीं पावलें मंदावलीं.

"अहो, ह्याला तर पंखे आहेत! फार जुनें दिसतें हो विमान."

"जुनेंच तें," आम्ही म्हणालों. "पंख्याचीं विमानें जेटच्या अगोदरचीं. लहान गांवांना मोठ्या शहरांचें उरलेंसुरलेंच मिळावयाचें."

आमच्या ह्या विद्वत्तेवर नातू गालांतल्या गालांत हंसला. "आजोबा, पंखा आहे म्हणून जुनें नाहीं तें. आंतलें एंजिन जेटच्याच जातीचें आहे. ह्याला टर्बोप्रॉप म्हणतात."

आम्ही पायरीवरच थबकलों. हा शब्द पूर्वीं एकदां, आणि एकदांच, आम्हीं ऐकला होता. कोठें आणि कोणाच्या तोंडून, तें त्याच क्षणीं आठवलें. आमचा चेहरा पाहून कुटुंबास वाटलें, आम्हांस विमानाची भीति वाटते. तिनें पिशवींतून वेलदोडा काढून पुढें केला.

तें साल १९८८. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत मराठी आणि संस्कृत शिकवीत होतों. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्या गळ्यांत पडे, आणि आम्ही तो पुस्तक उघडून व आवाज चढवून निभावून नेत असूं. पावसाळ्यांतील एके दिवशीं नववीच्या वर्गांत न्यूटनचा तिसरा नियम निघाला. पाठ संपवितांना आम्हीं पदरचें एक वाक्य जोडलें: विमानें दोन प्रकारचीं, जुनीं तीं पंख्याचीं, त्यांस मोटारीसारखें पेट्रोलचें एंजिन, आणि नवीं तीं जेट, त्यांस पंखा नसतो.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील हवाईदलांत विमानांच्या दुरुस्तीवर होते आणि नुकतेच निवृत्त होऊन गांवीं आले होते. तो म्हणाला, "सर, ॲव्हरोला पंखे असतात, पण एंजिन मोटारीसारखें नसतें. आंत टर्बाइन असतें. माझे वडील तेंच दुरुस्त करायचे. त्याला टर्बोप्रॉप म्हणतात."

आम्हांस तो शब्द ठाऊक नव्हता. 'ठाऊक नाहीं' एवढें म्हटलें असतें तर काम भागलें असतें. त्याऐवजीं आम्हीं विचारलें, "हा शब्द कोणत्या कोशांतला? तुझ्या घरच्या?" सारा वर्ग हंसला. वर्ग हंसला म्हणून आम्हांस आणखी चेव आला, आणि 'पंख्याचें विमान जेट नसतें' हें वाक्य दहा वेळां लिहून आणण्याची शिक्षा आम्हीं त्यास दिली. दुसऱ्या दिवशीं त्यानें तें स्वच्छ अक्षरांत लिहून आणलें. आम्हीं खालीं लाल शाईनें सही केली. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत त्या मुलानें एकदांहि हात वर केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

तर असे आम्ही विमानांत जाऊन बसलों. दार मागच्या बाजूस डावीकडे. सामान पुढच्या भागांत. पंख डोक्यावर, त्यामुळें खिडकीबाहेरचें सगळें मोकळें दिसत होतें. आमची जागा उजव्या बाजूस होती. बाहेर पाहतों तों त्या बाजूचा सहा पात्यांचा पंखा अगदीं स्तब्ध. परंतु एंजिनाची घरघर चालू, आणि आंत गार हवा येत होती. आम्हीं नातवास विचारलें, "एंजिन चालू आणि पंखा बंद, हें कसें?"

"त्यालाच वैमानिक 'हॉटेल मोड' म्हणतात, आजोबा. पंख्याला ब्रेक लावून ठेवायचा आणि एंजिन चालू ठेवायचें. प्रवासी चढेपर्यंत तेंच वीज आणि हवा पुरवितें."

मोटारीसारखें एंजिन असतें तर त्याचा दांडा धरून ठेवतांच तें बंद पडलें असतें. म्हणजे आमचें १९८८ चें वाक्य खोटें असल्याचा पुरावा हाताच्या अंतरावर उभा होता. विमान आकाशांत स्थिर झाल्यावर आम्हीं नातवापुढें एक जुनें पाकीट धरलें आणि म्हटलें, "आतां आकृति काढून नीट समजावून सांग. आम्हांस कांहीं येत नाहीं असें धरून चाल." हें वाक्य उच्चारण्यास साठी उलटावी लागली, ही गोष्ट वेगळी.

त्यानें सांगितलें तें असें. एंजिनाच्या तोंडाशीं हवा आंत ओढली जाते आणि फिरत्या पात्यांच्या योगानें दाबली जाते. त्या दाबलेल्या हवेंत रॉकेलच्या जातीचें इंधन फवारून तें जाळतात. तापून फुगलेला वायु बाहेर पडावयास धांवतो, तों वाटेंत त्यास पात्यांचीं चाकें आडवीं येतात. पाणचक्कीचें चाक जसें पाण्याच्या लोटानें फिरतें, तशीं हीं चाकें वायूच्या लोटानें फिरतात. हेंच टर्बाइन. त्यांतील कांहीं चाकें पुढची हवा दाबण्याचें यंत्र फिरवितात. येथपर्यंत जेट आणि टर्बोप्रॉप हीं सख्खीं भावंडें. भेद पुढें आहे. शुद्ध जेटमध्यें उरलेला वायु मोठ्या वेगानें मागें सुटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. टर्बोप्रॉपमध्यें त्या वायूची बहुतेक शक्ति टर्बाइनकडूनच काढून घेतात आणि तिच्यावर बाहेरचा पंखा फिरवितात. मागच्या नळींतून सुटणारा वायु थोडीबहुत मदत करतो. मुख्य काम पंख्याचें. आम्ही बसलों होतों त्या विमानांत पंख्याचें टर्बाइन वेगळ्या दांड्यावर होतें, म्हणूनच पंखा धरून ठेवला तरी बाकीचें यंत्र चालूं शकत होतें.

हैदराबादेस मुक्काम तीन आठवड्यांचा होता. तेवढ्या काळांत आम्हीं नातवाचीं पुस्तकें मागून घेतलीं आणि प्रथम आमच्या स्वभावाप्रमाणें शब्दाच्या मुळाशीं गेलों. लॅटिन भाषेंत 'टर्बो' म्हणजे भोंवरा किंवा वावटळ. त्यावरून 'टर्बाइन' हा शब्द क्लोद बुर्दँ नांवाच्या फ्रेंच खाण-अभियंत्यानें १८२२ सालीं घडविला. गुरूनें शब्द दिला. आणि त्याचा शिष्य बनवा फुर्नेरों ह्यानें १८२७ सालीं पाण्यावर चालणारें टर्बाइन प्रत्यक्ष करून दाखविलें. 'टर्बो' ऐकतांच 'त्वरा' शब्द आमच्या जिभेवर आला होता. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावरून शब्दांचें नातें जोडणें म्हणजे नाकावरून गोत्र सांगणें होय. एकदां तोंड पोळलें होतें, म्हणून तो मोह आम्हीं आवरला. 'प्रोपेलर' ह्या शब्दांतील 'प्रो' मात्र आपल्या 'प्र' उपसर्गाचा खराखुरा भाऊबंद आहे. पुढचा धातु ढकलणें ह्या अर्थाचा. संस्कृतांत 'णुद प्रेरणे' हा धातु त्याच कामाचा. त्यास 'प्र' लावला कीं 'प्रणोदक' सिद्ध होतो. भोंवऱ्यानें चालणारा प्रणोदक, एवढाच 'टर्बोप्रॉप'चा अर्थ. दोन शब्दांच्या शेपट्या छाटून तो जोडलेला आहे. आपल्या व्याकरणांत मध्यमपदलोपी समास आहे. ह्यास पुच्छलोपी म्हणावें कीं काय, असा विनोद आम्हीं जेवतांना केला. हंसलें कोणी नाहीं.

नंतर कालानुक्रम पाहिला, आणि आमची आणखी एक समजूत गळून पडली. राइट बंधूंचें १९०३ चें विमान पंख्याचें आणि पेट्रोलचें, हें खरें. परंतु जेट विमान जर्मनींत प्रथम उडालें तें २७ ऑगस्ट १९३९ रोजीं. टर्बोप्रॉपचें एक एंजिन हंगेरींतील ग्योर्ग येंद्राशिक ह्यानें १९४० सालीं बुडापेस्ट येथें चालवून पाहिलें, पण तें विमानावर चढलें नाहीं. टर्बोप्रॉपच्या जोरावर पहिलें विमान उडालें २० सप्टेंबर १९४५ रोजीं, इंग्लंडांत. आणि गंमत अशी कीं, तें मूळचें ग्लॉस्टर मीटिऑर नांवाचें जेट विमान होतें व त्यासच पंख्याचीं एंजिनें बसविलीं होतीं. म्हणजे हें जेटचें पूर्वज नव्हे. धाकटें भावंड आहे. व्हिकर्स व्हायकाउंट हें चार टर्बोप्रॉप एंजिनांचें प्रवासी विमान १६ जुलै १९४८ रोजीं प्रथम उडालें, आणि २९ जुलै १९५० रोजीं त्यानें लंडनहून पॅरिसला तिकीट काढलेले प्रवासी नेले. आपल्या देशांत इंडियन एअरलाइन्सनें व्हायकाउंट १९५७ सालीं घेतलें. ॲव्हरो तर १९६१ पासून आपल्या कानपुरांतच बांधलें जाऊं लागलें. आम्हांस विशेष लागलें तें हें कीं, ज्या एटीआर-७२ जातीच्या विमानांतून आम्ही हैदराबादेस आलों, त्या जातीचें पहिलें विमान फ्रान्सांत २७ ऑक्टोबर १९८८ रोजीं उडालें. ज्या सालीं आम्हीं पंख्याच्या विमानांस वर्गांत मूठमाती दिली, त्याच सालीं!

मग पंखा लावण्याचा हा खटाटोप कशासाठीं? ह्याचें उत्तर एका साध्या हिशेबांत आहे. विमानास पुढें रेटावयाचें तर हवा मागें ढकलली पाहिजे. मिळणारा रेटा हवेच्या वजनास तिच्या वेगानें गुणून येतो. परंतु त्यासाठीं होणारा शक्तीचा खर्च वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. एक शेर हवा शंभराच्या वेगानें ढकलली, अथवा दहा शेर हवा दहाच्या वेगानें ढकलली, तर रेटा दोहोंकडे शंभरच. खर्चाचें प्रमाण मात्र पहिल्या रीतींत १०,००० आणि दुसरींत १,०००. पुष्कळ हवा सावकाश ढकलणें हें थोडी हवा जोरानें फेंकण्यापेक्षां काटकसरीचें आहे, आणि मोठा पंखा तेंच करतो. म्हणून जवळच्या गांवांसाठीं आणि आंखूड धांवपट्ट्यांसाठीं हीं विमानें सोयीचीं पडतात. वेग मात्र बेताचा, तासाला सुमारें ५०० किलोमीटर. त्याहून फार वेगानें जावें तर पंख्याच्या पात्यांचीं टोकें ध्वनीच्या वेगाजवळ पोंचतात आणि पंख्याचें काम बिघडतें. मोठ्या जेट विमानांतहि आज एंजिनाच्या तोंडाशीं झांकणांत बसविलेला मोठा पंखाच असतो, आणि त्यानें ढकललेल्या हवेंपैकीं बहुतेक हवा आंतल्या ज्वाळेस न शिवतां बाहेरून मागें जाते. जेटला पंखा नसतो, हें आमचें वाक्यहि त्यामुळें निकालांत निघालें.

हें सर्व समजलें तसा आनंद झाला, आणि त्याच मापानें अस्वस्थताहि वाढली. एके रात्रीं आम्हीं कुटुंबास १९८८ ची ती हकीकत सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठवलें आहे तर त्याला जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग?"

परत आल्यावर शोध केला. तो विद्यार्थी त्याच तालुक्याच्या गांवीं विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचें दुकान चालवितो, असें कळलें. आम्ही एस. टी. नें गेलों. दुकानांत तांब्याच्या तारेचीं रिळें, व्हार्निशचा वास, आणि विहिरींतून काढून आणलेल्या पंपांची रांग. केस पांढरे झालेला एक गृहस्थ हात पुसत उठला आणि वांकून नमस्कार करूं लागला. आम्हीं त्यास हातानें थांबविलें. 'तूं' म्हणावें कीं 'तुम्ही', हें आम्हांस सुचेना.

आम्ही म्हणालों, "नमस्कार नंतर. नववींत आम्हीं तुम्हांस एक वाक्य दहा वेळां लिहावयास लावलें होतें. तें वाक्य चूक होतें, आणि तुमचें बरोबर होतें. तें सांगण्यासाठीं आलों."

तो म्हणेल, 'छे सर, मला कुठलें आठवतें!' अशी आमची अपेक्षा होती. खरें सांगावयाचें तर आशा होती. तो तसें म्हणाला नाहीं. त्यानें आम्हांस खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला आणि शांतपणें म्हणाला, "आठवतें, सर. वडिलांनीं ती वही पाहिली होती. मला वाटलें, शाळेंत येऊन भांडतील. ते कांहीं बोलले नाहींत. रात्रीं जेवतांना म्हणाले, 'परीक्षेंत सरांचें लिही. खरें काय तें तुला ठाऊक आहे, तेवढें पुरे.' तेव्हांपासून मी दोन उत्तरें ठेवायला शिकलों. एक पेपरांत लिहायचें, एक खरें."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस सोपें गेलें असतें. वडिलांस भेटावें म्हणून आम्हीं चौकशी केली. ते तीन वर्षांपूर्वीं वारले होते. हवाईदलांत आयुष्य काढलेल्या त्या माणसानें आपल्या मुलास शाळेचा मान राखावयास सांगितला, आणि शाळेनें, म्हणजे आम्हीं, त्याच्या विद्येचा मान चार आण्यांचाहि ठेवला नाहीं.

थोड्या वेळानें, कांहीं तरी बोलावें म्हणून, आम्हीं शिकून आलेला पाठ त्यास म्हणून दाखविला: हवा दाबणें, इंधन जाळणें, वायु, टर्बाइन, पंखा. तो लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "सर, एक राहिलें."

"काय राहिलें?"

"गिअरबॉक्स. टर्बाइन आणि पंखा थेट जोडले तर चालत नाहीं. ॲव्हरोचें डार्ट एंजिन मिनिटाला पंधरा हजार फेरे घेतें. पंखा बारा फुटांचा. त्याला त्या वेगानें कसा फिरवणार? मध्यें दांत्यांचीं चाकें घालून फेरे सुमारें चौदाशेंवर आणतात. वडील म्हणायचे, लोकांना पुढचा पंखा दिसतो, पण सगळा भार ह्या चाकांवर."

आम्हीं खिशांतून पेन्सिल काढली. बारा फुटांच्या पंख्याचा परिघ पावणेअडतीस फुटांच्या आसपास. मिनिटास १५,००० फेरे म्हणजे सेकंदास २५०. तेव्हां पात्याचें टोक सेकंदास नऊ हजार फुटांहून अधिक धांवेल. ध्वनीचा वेग सुमारें ११०० फूट. म्हणजे आठपटींहून जास्त! १४०० फेऱ्यांस तोच हिशेब केला तर सुमारें ८८० फूट येतात, ध्वनीच्या आंत. दोघांनीं मिळून आंकडे पुन्हां तपासले. तो गुणाकार आमच्या अगोदर करीत होता. पस्तीस वर्षांपूर्वीं आम्हीं त्यास नुसतें 'पुढें सांग' म्हटलें असतें, तर हा तास त्याच वर्गांत, चाळीस मुलांपुढें झाला असता. तें आतां कोणाच्याहि हातीं नाहीं.

निघतांना त्यानें नमस्कार केला, आणि ह्या वेळीं आम्हीं तो घेतला. एस. टी. येईपर्यंत तो फाट्यावर उभा होता. क्षमा केली असें तो म्हणाला नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं. "पुन्हां या, सर," एवढें म्हणाला.

आमच्या घरीं संध्याकाळीं परवचा झाल्यावर मुलें अभ्यासास आमच्याजवळ बसतात. त्यांत शेजारच्या सुताराचा मुलगाहि असतो. परवां तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही ह्याला रंधा म्हणालांत, पण हा रंधा नाहीं, ही पटाशी." आमचीं नातवंडें हंसूं लागलीं. आम्हीं त्यांस गप्प केलें आणि त्या मुलास पटाशी कशी धरतात तें सर्वांस दाखवावयास सांगितलें. वडीलधाऱ्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, मूल आपल्या बापाच्या कामांतला शब्द घेऊन आपल्यापुढें उभें राहिलें, तर तो शब्द आपल्या कोशांत आहे कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा.

आमच्या जुन्या कोशाच्या शेवटीं दोन कोरीं पानें आहेत. त्यांतील एकावर आम्हीं आतां 'टर्बोप्रॉप' हा शब्द लिहून ठेविला आहे, व्युत्पत्तीसह आणि गिअरबॉक्ससह. शब्द कोणाकडून मिळाला तें लिहिण्याची आमची जुनी संवय. म्हणून खालीं त्या विद्यार्थ्याचें आणि त्याच्या वडिलांचें नांव घातलें आहे, आणि साल १९८८.